पाळणाघरातील श्वासविकाराची साथ : शोध कसा घ्यावा ?

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की खानदेश व डांग भागांतील ऊसतोड कुटुंबे दक्षिण गुजरातेत उतरतात. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातील चलथाण हे अशाच एका सहकारी कारखान्याचे ठिकाण होय. पहाटे आईबाप फडात जातात. तान्ही मुले पाळणाघरात, अंगणवाडीत, नाहीतर पडावावरच थोरल्या बहिणीच्या कडेवर राहतात. अशा ठिकाणी आठवडाभरात चार-पाच बालकांना सर्दी, खोकला व धाप लागली, तर ‘हवा बदलली’ एवढ्यावर समाधान मानू नये.

अशा साथींमागे पुष्कळदा ‘रेस्पिरेटरी सिन्सिशियल’ नावाचा विषाणू असतो. तो १९५६ मध्ये अमेरिकेत प्रथम चिंपांझींमध्ये आढळला व लवकरच आजारी अर्भकांतही सापडला. तेथील चॅपेल हिल गावच्या बालसंगोपन केंद्रातील मुलांवर काही वर्षे लक्ष ठेवून १९७९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानुसार या विषाणूशी पहिल्यांदा गाठ पडलेल्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना संसर्ग झाला. पुढल्या खेपेसही हे प्रमाण ७५ टक्के होते. एकदा होऊन गेले म्हणून मूल सुरक्षित झाले, असे समजण्यास आधार नाही.

विषाणूचे नाव प्रयोगशाळा सांगेल. गावपातळीवरील तपासनीसाने आधी कोण, केव्हा व कोठे हे विचारावे. प्रथम रुग्ण कोणास म्हणावयाचे ते ठरवावे. उदाहरणार्थ, गेल्या चौदा दिवसांत सर्दी किंवा खोकला सुरू झालेले दोन वर्षांखालील मूल. मग प्रत्येकाचे वय महिन्यांत, आजार सुरू झाल्याची तारीख, झोपण्याची जागा, भरविणारी व्यक्ती आणि घरातील इतर आजारी माणसे यांची नोंद करावी. गैरहजर मुलांना वगळणे ही नेहमीची चूक होय. जे मूल आलेच नाही, तेच बहुधा अधिक आजारी असते.

या तारखा चौकटीच्या कागदावर मांडाव्यात. एका मुलास एक चौकट. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते आठ, बहुधा चार ते सहा दिवस जातात. पाच-सहा दिवसांच्या अंतराने रुग्णांचे पुंजके दिसले, तर आजार एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे असे मानावे. सर्व मुले एकाच दिवशी खोकू लागली असतील, तर धूर किंवा तत्सम समाईक कारण शोधावे.

आजार नेमका कसा जातो, याविषयी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९८१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. आजारी अर्भकास जवळ घेऊन त्याची शुश्रूषा करणाऱ्या सात जणांपैकी पाच जणांना लागण झाली. मूल हलविल्यावर त्याच्या वस्तूंना हात लावून तोच हात नाकाडोळ्यांस लावणाऱ्या दहांपैकी चौघांना झाली. सहा फुटांहून दूर नुसते बसलेल्या चौदांपैकी एकासही झाली नाही ! म्हणून सेविकेचे हात, झबली, वाट्या व खेळणी यांची विचारपूस करावी. सेविकेस स्वतःला साधे पडसे असले, तरी तेही नोंदवावे.

तपास चालू असताना मुलांचा श्वास मोजणे थांबता कामा नये. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण होय. छाती आत ओढली जाणे, अंगावर पिणे सोडणे वा मध्येच श्वास थांबणे, यांपैकी काहीही दिसल्यास मोजणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. तथापि जलद श्वासाचे मूल विषाणूचे की न्यूमोनियाचे, हे गावात ओळखता येत नसल्याने उपचाराचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांवर सोपवावा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दाईसही श्वास मोजता यावा म्हणून मणी व वाळूचे घड्याळ यांचे साधे साधन वापरले होते.

मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची उचल लिहिलेली असते; त्याच्याबरोबर आलेले तान्हे मूल क्वचितच. कुटुंब दुसऱ्या पडावावर गेले, की त्याचा मागही तुटतो. यास्तव यादीची एक प्रत पलसाणा तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे व दुसरी त्या कुटुंबाच्या मूळ गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे त्याच आठवड्यात पाठवावी. आणि शाळेत येईनाशी झालेली थोरली बहीण कोणाचे मूल सांभाळते आहे, हे गावच्या शिक्षकांनी त्या केंद्रास कळवावे.