'दा विंची कोड' : वाचकांतील मतभेद आणि आपला अभ्यास



एखाद्या कादंबरीने ख्रिस्ती कुटुंबांत, तरुण संघांत आणि पाळकांच्या बैठकांत वाद माजवावा, असे क्वचितच घडते. डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाच्या 'द दा विंची कोड' या कादंबरीने ते घडवून आणले. मार्च 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाली, पुढे अनेक भाषांत गेली, मराठीतही आली, आणि जगभर तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. 2006 साली तिच्यावर चित्रपट निघाला. त्या गदारोळाला आता बराच काळ लोटला आहे. तथापि पुस्तक वाचनालयात आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी तरुण ते प्रथमच हाती घेतो. म्हणूनच हा विषय आपण शांतपणे अभ्यासासाठी घेत आहोत.

कथानक थोडक्यात असे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका अधिकाऱ्याचा खून होतो. मरताना तो काही सांकेतिक खुणा मागे ठेवतो. एक अमेरिकन प्राध्यापक आणि एक फ्रेंच तरुणी त्या खुणांचा माग काढीत एका 'रहस्या'पर्यंत पोहोचतात. ते रहस्य म्हणजे प्रभू येशूचा मग्दालीया मरीयेशी विवाह झाला होता, त्यांचा वंश फ्रान्समध्ये चालू राहिला आणि मंडळीने ही गोष्ट शतकानुशतके दडपून ठेवली.

या पुस्तकाविषयी आपल्या लोकांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. "ही कादंबरी आहे; कादंबरीत खरे-खोटे काय पाहायचे? करमणूक म्हणून वाचावी आणि बाजूला ठेवावी," असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाला हे पुस्तक म्हणजे प्रभूची उघड विटंबना वाटते. ते घरात येऊ देऊ नये, त्यावर बंदी घालावी, असे त्याचे म्हणणे. मार्च 2005 मध्ये इटलीतील जेनोआचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल बेर्तोने यांनी लोकांनी हे पुस्तक विकत घेऊ नये व वाचू नये असे आवाहन केले होते. लेबनॉनमध्ये तर 2004 सालीच त्यावर बंदी आली होती. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वाचक आहे. तो सभेत काही बोलत नाही. पुस्तक वाचून मिटल्यावर रात्री त्याच्या मनात एकच प्रश्न घोळतो : "यातले काही खरे असेल तर?" प्रस्तुत लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे अर्धे खरे आहे. कल्पनेला मोकळीक हवीच. परंतु या कादंबरीच्या आरंभी, कथा सुरू होण्यापूर्वी, एक पान आहे. त्यावर लेखकाने काही गोष्टी सत्य म्हणून जाहीर केल्या आहेत : 'प्रायरी ऑफ सायन' नावाची गुप्त संस्था 1099 साली स्थापन झाली व ती खरोखर अस्तित्वात आहे, शिवाय पुस्तकातील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे व गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत. कथा काल्पनिक असली तरी तिचा पाया ऐतिहासिक आहे, अशी समजूत वाचकाची होते ती या पानामुळे. जो स्वतः इतिहासाचा दावा करतो, त्याला इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्यात अन्याय नाही.

आता ती प्रायरी. या नावाची संघटना फ्रान्समध्ये नोंदली गेली ती 1956 साली. तिचा संस्थापक पिएर प्लांतार नावाचा गृहस्थ होता. आपण फ्रान्सच्या प्राचीन राजघराण्याचे वंशज आहोत असे भासवण्याची त्याला हौस होती. 1960 नंतरच्या दशकात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी बनावट कागदपत्रे तयार करून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा केली. जुने वाटणारे कागद ग्रंथालयात सापडले की लोक त्यांवर विश्वास ठेवतात, हे त्यांनी ओळखले होते. पुढे 1982 साली बेजंट, ली व लिंकन या तिघांनी 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' हे पुस्तक लिहून याच कागदांच्या आधारे येशूच्या वंशाचा सिद्धांत मांडला. ब्राउन यांच्या कादंबरीतील 'रहस्य' बव्हंशी तेथूनच आले आहे. त्यांपैकी बेजंट व ली यांनी लंडनच्या न्यायालयात ब्राउन यांच्या प्रकाशकांवर दावाही लावला आणि एप्रिल 2006 मध्ये तो हरले. गंमत अशी की, ज्यांनी आपले पुस्तक इतिहास म्हणून विकले होते, तेच आता आपली मांडणी चोरल्याची तक्रार करीत होते. इतिहासातील घटना कोणाच्या मालकीची कशी असेल?

यापेक्षा गंभीर मुद्दा नायसिया येथील परिषदेचा आहे. आपल्या तरुणांना सर्वाधिक गोंधळात टाकतो तो हाच. कादंबरीतील एक विद्वान पात्र सांगते की, 325 सालापर्यंत येशूला त्याचे अनुयायी केवळ मर्त्य संदेष्टा मानीत. सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या परिषदेत थोडक्या बहुमताने त्याला देव ठरवून घेतले आणि बायबलही आपल्या सोयीने जुळवून घेतले.

यातील एकेक विधान तपासू. नायसिया येथील वाद येशू मनुष्य की देव, असा नव्हताच. एरियस नावाचा आलेक्झांड्रियाचा वडील असे शिकवी की, पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा व सर्वश्रेष्ठ आहे, परंतु तो निर्माण केलेला आहे. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे परिषदेने ठरवले. म्हणजे ज्याला परिषदेने दोषी ठरवले, तोसुद्धा येशूला साधा मर्त्य मानीत नव्हता. आणि 'थोडके बहुमत'? सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोघेच होते.

त्याआधीची साक्ष पाहा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या देवस्वरूपाविषयी जे म्हटले आहे, ते पहिल्या शतकाच्या मध्याचे लेखन आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमा प्रभूला कोणत्या शब्दांनी संबोधतो, ते आपणांस ठाऊक आहेच. आणि ज्याला ख्रिस्ती लोकांविषयी काडीचेही प्रेम नव्हते, तो रोमी अधिकारी प्लिनी 112 सालच्या सुमारास सम्राट ट्राजानला कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. नायसियाच्या दोनशे वर्षे आधीची ही परक्याची साक्ष आहे.

बायबलच्या पुस्तकांचा निर्णय नायसिया येथे झाला, हेही खरे नाही. त्या परिषदेने मतांगीकार व वीस नियम केले. त्यांत शास्त्राच्या पुस्तकांची यादी नाही. लिऑनचा बिशप इरेनेयस 180 सालाच्या सुमारास चारच शुभवर्तमाने मानावीत असे आग्रहाने लिहितो. आज आपल्या नव्या करारात जी 27 पुस्तके आहेत, नेमकी तेवढ्यांची यादी अथनेशियसने 367 सालच्या पत्रात दिली, तेव्हा कॉन्स्टंटाइन मरून तीस वर्षे झाली होती. कॉन्स्टंटाइनने शास्त्राच्या पन्नास प्रती तयार करवून घेतल्या होत्या, एवढे मात्र खरे. परंतु प्रती लिहवून घेणे निराळे आणि ग्रंथ ठरवणे निराळे.

येथे एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. या कादंबरीतील ऐतिहासिक चुका दाखवणाऱ्यांत केवळ मंडळीचे कैवारी नव्हते. बार्ट एरमन हे अमेरिकन अभ्यासक स्वतःला विश्वासी म्हणवीत नाहीत आणि नव्या कराराविषयीची त्यांची कित्येक मते आपल्याला पटणारी नाहीत. तरीही 2004 साली त्यांनी या चुकांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले.

आता मग्दालीया मरीयेकडे वळू. कादंबरी 'फिलिप्पाचे शुभवर्तमान' या ग्रंथाचा आधार घेते. 1945 साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे शेतकऱ्यांना एका रांजणात कॉप्टिक भाषेतील जुन्या पोथ्या सापडल्या. त्यांत हा ग्रंथ होता. अभ्यासक त्याचा काळ साधारणतः तिसऱ्या शतकात धरतात. त्यात मरीयेला येशूची सोबतीण म्हटले आहे, आणि चुंबनाचा उल्लेख आहे तेथे नेमकी पोथी फाटलेली आहे. कादंबरीतील विद्वान म्हणतो, 'सोबतीण' या अरामी शब्दाचा अर्थ पत्नी असाच होतो. परंतु ग्रंथ अरामी नाही. तो कॉप्टिकमध्ये आहे आणि तेथे वापरलेला शब्द ग्रीकमधून घेतलेला असून त्याचा अर्थ सहभागी, भागीदार असाही होतो. त्याच विद्वानाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांनाही ख्रिस्ती लेखांत गणले आहे. त्या गुंडाळ्यांत एकही शुभवर्तमान नाही.

आणि नॉस्टिक पंथाच्या या पुस्तकांत येशू अधिक 'माणूस' दिसतो व स्त्रियांना अधिक मान मिळतो, हा समज त्या पुस्तकांनी स्वतःच खोटा पाडला आहे. त्यांतील ख्रिस्त बहुधा देहापासून दूर गेलेला, गूढ असा आहे. 'थोमाच्या शुभवर्तमाना'च्या अखेरीस तर मरीयेला जीवन मिळण्यासाठी पुरुष व्हावे लागेल, असा भाव आहे!

आपल्या शुभवर्तमानांतील साक्ष किती साधी आहे! लूकच्या आठव्या अध्यायात योहान्नाची ओळख खूजाची बायको अशी दिली आहे. मरीयेची ओळख मात्र गालील समुद्राकाठच्या मग्दाला गावावरून आहे. पती जगविख्यात असता तिला गावाच्या नावाने कोण ओळखील? वधस्तंभावरून प्रभू आपल्या आईची सोय लावतो. पत्नीचा उल्लेख नाही. पौल तर पहिले करिंथकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात बायकोला सोबत नेण्याचा प्रेषितांचा हक्क सिद्ध करताना केफाचा व प्रभूच्या भावांचा दाखला देतो. स्वतः प्रभू विवाहित असता तर याहून मोठा दाखला कोणता होता?

काही मंडळींना वाटते की, प्रभूच्या विवाहाची कल्पनाच अपवित्र आहे. हे बरोबर नाही. विवाह देवाने नेमलेला आहे. त्यात लाजिरवाणे काही नाही. आपण ही गोष्ट नाकारतो ती पुरावा नाही म्हणून.

परंतु या कादंबरीने जेथे बोट ठेवले, तेथे एक खरी जखम होती, हे आपण मान्य केले पाहिजे. 591 साली पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्री या तिघींना एकच ठरवले. पूर्वेकडील मंडळ्यांनी हे कधी मानले नाही. पश्चिमेत मात्र चौदा शतके चित्रांत, प्रवचनांत व गीतांत ती पश्चात्तापी वेश्या म्हणूनच राहिली. शास्त्रात याला आधार नाही. लूक सांगतो ते इतकेच की, तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती आपल्या पैशाअडक्याने प्रभूची सेवा करीत असे. 1969 साली रोमन पंचांगात सुधारणा झाली आणि 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. स्त्रियांची साक्ष मंडळीने झाकली, हा कादंबरीतील आरोप वंशावळीच्या बाबतीत खोटा आहे. मरीयेच्या नावाच्या बाबतीत तो इतका खोटा नव्हता. कित्येक स्त्रीवाचकांना हे पुस्तक आवडले त्याचे कारण येथे असावे, आणि त्यांना गप्प करणे हे उत्तर नव्हे.

लिओनार्दोच्या चित्राविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मिलान येथील 'शेवटचे भोजन' या भित्तिचित्रात प्रभूच्या शेजारी बसलेली बिनदाढीची कोमल आकृती योहानाची आहे. त्या काळी फ्लॉरेन्सचे चित्रकार तरुण योहानाला तसेच रंगवीत. ती मरीया मानली तर बारांपैकी योहान कोठे गेला, हे सांगावे लागेल.

बंदीचे काय झाले? आपल्या देशात 2006 साली चित्रपट प्रौढांसाठी म्हणून आणि तो काल्पनिक असल्याच्या निवेदनासह संमत झाला. तरीही गोवा, नागालँड, तमिळनाडू, आंध्र प्रदेश इत्यादी राज्यांनी त्याला मनाई केली. मद्रास व आंध्र प्रदेश येथील उच्च न्यायालयांनी ती मनाई रद्द ठरवली. आमच्या मते बंदीच्या मागणीने पुस्तकाची कीर्ती वाढवली आणि आपल्याजवळ उत्तर नाही, असा चुकीचा समज पसरवला. बिरुया येथील लोक पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्रात रोज शोधून पाहत. कादंबरीकाराचे बोलणे तसे पाहण्यास कोणाची हरकत आहे?

ज्या तरुण संघांना हा विषय घ्यावयाचा असेल त्यांनी एका सभेत न उरकता दोन सभा ठेवाव्यात. पहिल्या सभेत ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना आधी मोकळेपणाने बोलू द्यावे. वडीलधाऱ्यांनी मध्येच थांबवू नये. दुसऱ्या सभेपूर्वी सर्वांनी लूक 8:1-3, योहान 20:1-18, पहिले करिंथ 9:1-6 व फिलिप्पै 2:5-11 हे उतारे घरी वाचून यावे, आणि योहानाच्या उताऱ्याचे वाचन त्या दिवशी एखाद्या भगिनीकडून करवावे.