इंजिनाच्या भागांवरील वंगण काढताना घ्यावयाची दक्षता

तेल-इंजिन, ट्रॅक्टर अथवा पंप दुरुस्तीसाठी उघडल्यावर सुट्या भागांवर साचलेले वंगण व मळ काढणे अवश्य असते. या कामी पेट्रोल वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ती अत्यंत घातक असून तिचा त्याग करणे इष्ट होय.

द्रवाची निवड : पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते. शिवाय पेट्रोलमधील बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग संभवतो. रॉकेल किंवा डिझेल यांची वाफ पेटण्यास सुमारे ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून हे द्रव त्या मानाने बरे. तथापि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० अंशांवर जातो, हे ध्यानात ठेवून काम सकाळी व सावलीतच करावे. पूर्वी वापरात असलेले कार्बन टेट्राक्लोराइड न पेटणारे असले तरी यकृतास व मूत्रपिंडास अपायकारक आहे. जुना साठा असल्यास तो मुळीच वापरू नये.

साफ करण्याची रीत : प्रथम लाकडी पट्टीने जाड थर खरवडावा. रबरी वायसर वेगळे काढून ठेवावेत. नंतर पत्र्याच्या उथळ भांड्यात थोडेच डिझेल घेऊन ब्रशाने भाग धुवावेत व फडक्याने पुसावेत. त्यानंतर बिडाचे व पोलादी भाग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने, तर अॅल्युमिनियमचे पिस्टन साबणाच्या पाण्याने धुवावेत. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो व त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. धुतलेले भाग कोरडे करून त्यांस लगेच तेलाचा हात द्यावा. अन्यथा गंज चढतो.

दक्षता : काम उघड्या जागी करावे. विडी, शेगडी व वेल्डिंग दूर असावे. हातांत रबरी मोजे घालावेत. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकल्यास आग पसरते. तेलकट फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. उरलेला द्रव विहिरीत वा ओढ्यात ओतू नये, तसेच पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत साठवू नये. मुलाने चुकून तो प्याल्यास त्यास ओकारी काढावयास लावू नये. तसे केल्यास द्रव फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

भाग स्वच्छ होण्यास थोडा अधिक वेळ लागला तरी हरकत नाही. जो द्रव सौम्य असूनही काम भागवितो, तोच योग्य होय.