फ्रिजमधील मालसाठा

वाणिज्य शाखेत मालसाठ्याचे मूल्यांकन शिकताना ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ ही पद्धत आम्ही पाठ करतो. माझ्या मते ती घरच्या फ्रिजलाही लागू पडते. गोदामात जुना माल पडून राहिला तर नुकसान पैशाचे. फ्रिजमध्ये राहिला तर प्रकृतीचेही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात ते झपाट्याने वाढतात. म्हणून फ्रिजचे तापमान ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीजरचे उणे १८ असावे. शिजवलेले अन्न उथळ भांड्यांत निववून, दोन तासांच्या आत, झाकून ठेवावे.

जागेचाही नियम आहे. दारातील कप्पे सर्वांत कमी थंड. तेथे दुधाऐवजी लोणचे, सॉस ठेवावे. कच्चे मांस-मासे सर्वांत खालच्या फळीवर, म्हणजे त्यांचे पाणी तयार अन्नावर ठिबकत नाही. फ्रिज ठासून भरू नये, हवा खेळली पाहिजे. वीज गेल्यास दार उघडू नये. थंडावा सुमारे ४ तास टिकतो.

आमच्या बेळगावच्या घरी डब्यांवर चिठ्ठी असते. तीवर ‘दही’ लिहा वा ‘मोसरू’, तारीख महत्त्वाची. नवे मागे, जुने पुढे. उरलेली आमटी-भाजी ३-४ दिवसांत संपवायची. वास चांगला म्हणून अन्न चांगले, असे समजू नये. व्यापारी बुडीत रक्कम खर्ची टाकतो, तसे शंकास्पद अन्न टाकून द्यावे. दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा असतो.