सहलीत काठावर कोण उभे राहणार?

दिवाळीच्या सुट्या, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि पावसाळ्यातले रविवार. या दिवसांत माझ्या दवाखान्यात काही मंडळी येतात, त्यांना आजार काहीच नसतो. उद्या सहल असते. गाडी लागू नये म्हणून उलटीची गोळी, बाहेरचे खाणे होणार म्हणून जुलाबाची गोळी, आणि असू द्यावी म्हणून एखादी तापाची, एवढे लिहून घेऊन ते निघतात. कार्यालयातले सहकारी असतात, शिक्षक असतात, जुने वर्गमित्र असतात. कुठे जाता म्हणून विचारले तर उत्तर बहुधा पाण्याचेच असते. कोणी मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणावर, कोणी महानला, कोणी वारी हनुमानला, कोणी मेळघाटात सिपनेच्या काठी कोलकासला. जरा ऐपतदार मंडळी आता खंडव्याच्या पुढे इंदिरा सागर जलाशयावरच्या हनुवंतियालाही जाऊ लागली आहेत. तिथे तंबूत राहायचे आणि बोटीतून बेटे पाहायची.

सहल चांगलीच गोष्ट आहे. वर्षभर फायलींत डोके घालून बसणाऱ्या माणसाने दोन दिवस मोकळे हसावे, हे रक्तदाबालाही बरे. पण आजवर एकाही मंडळीने मला पाण्याबद्दल काही विचारलेले नाही. मी विषय काढला की उत्तर ठरलेले, “आम्ही काही पान्यात उतरत नाई जी, काठावरच बसतो.” बुडालेल्यांपैकी कितीतरी जण घरून हेच सांगून निघालेले असतात.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. एकाच कुटुंबातली, नात्यागोत्याची माणसे. दशक्रियेसाठी जमली होती आणि तिथून धबधबा पाहायला निघाली होती. पोहायला कोणीच निघाले नव्हते. त्याआधी ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मित्रांची नाव उलटून आठ तरुण गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि मोबाईलवर चित्रण चालू होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढले तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते. देशात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांचा आकडा तीस हजारांच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडाली.

एरवी सहलीची आखणी आपण किती बारकाईने करतो पाहा. वर्गणी एकाकडे, गाडी एकाकडे, रोडगे कोण भाजणार आणि वांग्याची भाजी कोण टाकणार हेदेखील आधी ठरते. पाण्यावर लक्ष कोण ठेवणार, हे मात्र ठरत नाही. वीस माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरे पाहत असतीलच. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, निघण्यापूर्वीच दोन माणसांची नावे ठरवा. त्यांनी पाण्यात उतरायचे नाही, पत्ते खेळायचे नाहीत, मोबाईलमध्ये डोके घालायचे नाही आणि दारूला हात लावायचा नाही. तासाभराने दुसऱ्या दोघांनी त्यांची जागा घ्यावी. दर अर्ध्या तासाने डोकी मोजावीत. शाळेच्या सहलीत गुरुजी मोजतात तशी. मोठ्या माणसांना याचे हसू येते, येऊ द्या.

हे लक्ष का लागते, तर बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडत नाही. ओरडायला छातीत हवा लागते, आणि त्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. त्याचे डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या पातळीला, केस डोळ्यांवर, आणि हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत असतात, जणू तो शिडी चढतो आहे. हात वर करून हलवणे त्याला जमत नाही. लांबून पाहणाऱ्याला तो पाण्यात खेळतो आहे असेच वाटते. हा प्रकार बहुधा वीस सेकंद ते एक मिनिट एवढाच चालतो, मग तो खाली जातो. म्हणून पाण्यात असलेला माणूस गप्प झाला आणि हाक मारल्यावर उत्तर देईना, तर थट्टा समजू नका.

आता यापुढचा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण एका मरणाची तीन मरणे इथेच होतात. मित्र बुडताना दिसला की दुसरा उडी घेतो. बुडणारा भानावर नसतो. हाताला लागेल त्याला तो मिठी मारतो आणि वर चढू पाहतो. बऱ्यापैकी पोहणाराही त्या मिठीतून सुटत नाही. मग त्याला वाचवायला तिसरा. वर्तमानपत्रात ‘तिघे मित्र बुडाले’ अशी बातमी येते तेव्हा तिघेही एकदम बुडालेले असतात असे नाही. बरेचदा ते एकामागून एक गेलेले असतात. जिवाला जीव देणारी माणसे असतात ती, पण उडी घेण्याने मित्र वाचत नाही.

मग काय करायचे? काठावरून फेकायचे. प्रत्येक सहलीत पिण्याच्या पाण्याची कॅन असतेच. रिकामी करून झाकण घट्ट लावलेली पाच लिटरची कॅन छातीशी धरली तर माणसाचे तोंड पाण्यावर राहू शकते. तिला दोर बांधून ठेवला असेल तर ओढूनही घेता येते. गाडीत पंधरा-वीस मीटर दोर टाकायला कितीसा खर्च येतो? दोर नसेल तर दुपट्टे, साड्या, ओढण्या एकमेकींना गाठी मारून फेका. बांबू किंवा झाडाची फांदी पुढे करा, पण ती काठावर पालथे झोपून करा, उभे राहून केली तर तुम्हीच आत ओढले जाल. आणि बोलत राहा. ‘कॅन धर, पाय हलव, इकडे बघ’, हे ऐकून माणूस थोडा तरी भानावर येतो. जवळच्या कोळ्याला किंवा नावाड्याला बोलावायला आणि १०८ किंवा ११२ ला फोन करायला एकाला लगेच पिटाळा.

आपल्या भागातल्या पाण्याचे काही गुण सांगायला हवेत. पूर्णा, वर्धा या नद्यांत रेती उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जातो. धरणाच्या काठाला काळ्या मातीचा गाळ असतो, त्यात पाय रुतला की घाबरून माणूस आणखी रुततो. जलाशयाच्या पोटात बुडालेली झाडे, काटेरी झुडपे, जुन्या विहिरी असतात. मेळघाटातल्या नाल्यांची गत निराळी. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वर चिखलदऱ्याकडे पाऊस पडलेला असतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहत येऊ लागला की सामान तिथेच टाकून वर चढावे. डोहांबद्दल तर काय सांगावे! वारीचा मामा-भाचा डोह ज्याला ठाऊक नाही असा माणूस तेल्हारा-अकोट भागात सापडणार नाही, तरी दरवर्षी तिथे नवे पाय उतरतातच.

पूर्वी वऱ्हाडातल्या खेड्यात मूल विहिरीवर पोहायला शिकत असे. कमरेला वाळलेला भोपळा बांधायचा आणि काकाने वरून ढकलायचे, एवढीच शाळा! ती पिढी आता साठीपुढची झाली. विहिरी आटल्या, उरल्या त्यांवर मोटारी बसल्या, आणि शहरात वाढलेल्या मुलाने तरणतलाव पाहिला तर पाहिला. ज्यांना पोहता येते त्यांनीही स्वच्छ, उथळ, भिंत हाताशी असलेल्या पाण्यातले पोहणे आणि धरणातले पोहणे एक समजू नये. पाण्यावर अंतर नेहमी कमी भासते. ‘त्या बेटापर्यंत जाऊन येतो’ अशी पैज लावणाऱ्याला परतीचा दम उरत नाही.

नावेत बसताना जॅकेट हातात किंवा बुडाखाली घेऊन बसणारे मी स्वतः पाहिले आहेत. जॅकेट अंगात घालावे, सर्व पट्टे आवळावेत. नंतर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीवर सरकले तर पाण्यात डोक्यातून निघून जाईल. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट चालत नाही. सर्वांना पुरतील एवढी जॅकेटे नसतील तर नावेत बसू नये, मग पैसे भरलेले असले तरी. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की लहान नाव उलटते, त्याला वादळ लागत नाही. वादळाचेही ऐका. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान सोसाट्याच्या वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ दाटले की मोठ्या जलाशयात जाऊच नये. आणि नाव उलटलीच तर तिलाच धरून राहावे. उलटलेली नाव बहुधा तरंगते.

दारूबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ज्यांनी वाचायचे ते हा परिच्छेद गाळणार. दारूने अंदाज चुकतो, तोल जातो आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर ठसक्याने ते बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते. थंडी जाते हाही भ्रम आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि अंगातली खरी ऊब बाहेर जाते. ज्याने घेतली त्याने त्या दिवशी पाण्याजवळ जायचे नाही, हे निघण्यापूर्वी, शुद्धीत असताना ठरवावे.

ज्यांना फिट येते त्यांनी हे सहकाऱ्यांपैकी निदान एकाला सांगून ठेवावे. आपल्याकडे हा आजार लपवतात, लग्नाच्या काळजीने तर फारच. पण गोळ्या चालू असूनही पाण्यात फिट आली तर ती आवाज न करता येते. सहलीत जागरण होते, गोळी चुकते, आणि या दोन्हींनी फिटला आमंत्रण मिळते. हृदयविकाराच्या रुग्णानेही एकदम थंड पाण्यात उडी टाकू नये.

आता बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचे ते. आपल्याकडे पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पालथे टाकून पोट दाबणे, किंवा पाय धरून उलटे लोंबकळवणे. हे करू नका. पोटातले पाणी मारत नाही. दाबल्याने ते अन्नासकट वर येते आणि श्वासनलिकेत जाते, आणि मोलाची मिनिटेही जातात. बुडण्यात आधी श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू संपतो, आणि मग हृदय थांबते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांतच इजा सुरू होते. म्हणून त्याला हवी असते ती हवा.

पाठीवर निजवा. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास चालू नाही, किंवा नुसते आचके येत आहेत, तर कपाळावर हात ठेवून डोके मागे करा, हनुवटी वर उचला, त्याचे नाक चिमटीत धरा, आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावा आणि सेकंदभर हवा फुंका. छाती वर आलेली दिसली पाहिजे. असे दोन ते पाच श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी, हाडावर, एका तळहाताची टाच आणि तिच्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबा. मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. ३० वेळा दाबणे, दोन श्वास, पुन्हा ३० आणि दोन. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण हे काम दमवते. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा तो श्वास घेईपर्यंत थांबू नका. हल्ली काही कार्यालयांतून हृदयविकारासाठी नुसती छाती दाबण्याचे प्रशिक्षण देतात. ते चांगलेच आहे, पण बुडालेल्याला तेवढे पुरत नाही.

श्वास आपणहून चालू असेल आणि शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा, ओले कपडे काढून चादर घाला. शुद्धीवर आला, हसला, बोलला, तरी त्याला दवाखान्यात न्या. विशेषतः खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, सुस्ती असेल तर. फुप्फुसांत गेलेले थोडे पाणीही पुढच्या काही तासांत त्रास देते, म्हणून आम्ही अशा माणसाला सहा-आठ तास नजरेखाली ठेवतो. मोबाईलवर ‘कोरडे बुडणे’ नावाचा एक मजकूर फिरत असतो, की पोहून आल्यावर चार दिवसांनी मूल अचानक दगावते. त्याने आईबाप घाबरून येतात. तसे होत नाही. ज्याला बिघडायचे त्याची लक्षणे त्याच दिवशी दिसू लागतात.

रुग्णालयात नेताना सोबतच्या माणसाने एवढे सांगता आले पाहिजे: अंदाजे किती वेळ पाण्याखाली होता, बाहेर काढल्यावर श्वास होता का, तुम्ही काय काय केले, आणि त्याने दारू घेतली होती का. शेवटच्या प्रश्नाला मंडळी एकमेकांकडे पाहतात. पोलिसांची भीती असते. उपचार करणाऱ्याला ते कळणे गरजेचे असते, तेवढे खरे सांगावे.