घरातील उपकरणांचा शेजारधर्म

सायंकाळी रेडिओवर गायन ऐकत असावे आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हावा, की गायन लोपून केवळ खरखर उरते. हा अनुभव पुष्कळांस असेल. दोन्ही उपकरणे आपापले काम चोख करीत असतात. मग एकाचा उपद्रव दुसऱ्यास का व्हावा?

याचे मूळ ठिणगीत आहे. मिक्सरच्या मोटरीतील कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात व सूक्ष्म ठिणग्या उडतात. ठिणगीबरोबर विद्युच्चुंबकीय लहरी निघतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखविले. पुढे त्याच लहरींवर रेडिओ उभा राहिला. म्हणजे ब्रश घासणारी प्रत्येक मोटर हे नकळत चालणारे एक प्रक्षेपणकेंद्रच होय. एलईडी दिव्यात व मोबाईलच्या चार्जरमध्ये ठिणगी नसते. परंतु त्यांतील मंडल विद्युत्प्रवाह सेकंदास हजारो वेळा तोडते आणि जोडते. परिणाम तोच होतो.

या उपद्रवास मर्यादा घालण्यासाठी १९३४ साली सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. उपकरणाने इतरांस त्रास देऊ नये व इतरांमुळे स्वतः बिघडू नये, या गुणास विद्युच्चुंबकीय सुसंगती म्हणतात. त्याची परीक्षा अर्थातच दोन अंगांनी होते.

पहिले अंग उपद्रवाचे. उपकरण व वीजपुरवठा यांच्यामध्ये एक विशिष्ट पेटी जोडतात. ती बाहेरचा गोंगाट अडविते आणि उपकरणाने तारेत सोडलेला गोंगाट मापकाकडे वळविते. १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत हे मापन चालते; रेडिओच्या मध्यम लहरी याच पट्ट्यात येतात. घरगुती उपकरणास ०.५ ते ५ मेगाहर्ट्झमध्ये सुमारे ६३० मायक्रोव्होल्टची मर्यादा आहे. २३० व्होल्टच्या तारेवर एक सहस्रांश व्होल्टदेखील अधिक ठरतो! या मापकाची रचनाही मार्मिक आहे. क्वचित होणाऱ्या 'टक्' आवाजापेक्षा अखंड खरखर श्रोत्यास अधिक जाचते. म्हणून मापकही वारंवार येणाऱ्या गोंगाटास अधिक वजन देतो.

३० मेगाहर्ट्झच्या पुढे हवेतून पसरणाऱ्या लहरी मोजतात. त्यासाठी धातूने मढविलेली खोली लागते. बाहेरची लहर आत येत नाही आणि भिंतींवरील कार्बनमिश्रित फेसाचे शंकू आतली लहर शोषून घेतात. प्रतिध्वनीसारखी ती परतत नाही. उपकरण फिरत्या मेजावर ठेवून सर्व दिशांनी तपासतात.

दुसरे अंग सहनशीलतेचे. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लागताच चटका बसतो, तसा ८,००० व्होल्टपर्यंतचा चटका उपकरणास देतात; तारेतून विजेचे झटके सोडतात; रेडिओलहरींचा माराही करतात. उपकरण क्षणभर अडखळले तरी आपोआप सावरले पाहिजे आणि कोणत्याही स्थितीत ते धोकादायक होता कामा नये.

हा धोका काल्पनिक नव्हे. झोपेत अर्भकाचा श्वास थांबल्यास घंटा वाजविणारी यंत्रे अमेरिकेत काही घरांत वापरीत असत. १९९० च्या सुमारास तेथील अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली, तेव्हा काही यंत्रे रेडिओलहरींच्या सान्निध्यात घंटा वाजवीनात. लहरींचे स्पंदन हाच त्यांना बालकाचा श्वास वाटे! रेडिओची खरखर कानाला तरी कळते. या यंत्रांचे मौन कोणास कळणार?

उपाय बहुधा साधे असतात. मोटरीजवळ बसविलेला लहानसा कपॅसिटर गोंगाट तेथेच जिरवितो. संगणकाच्या तारेवर जो जाड गोळा दिसतो, त्यात फेराइट नावाचे चुंबकीय द्रव्य असते. तेही हेच कार्य करते. वस्तू स्वस्त करण्याच्या लोभाने असे भाग गाळले, तर दिवा पूर्ववत् उजळतो. त्याचा भुर्दंड मात्र शेजाऱ्याच्या रेडिओस बसतो.

विद्यार्थ्यांना याचा प्रत्यय सहज घेता येईल. बॅटरीवर चालणारा रेडिओ मध्यम लहरींवरील एखाद्या क्षीण केंद्रावर लावावा. तो निरनिराळ्या दिव्यांजवळ व चार्जरजवळ न्यावा आणि किती अंतरावर खरखर सुरू होते, ते वहीत मांडावे. उपकरण मात्र कदापि उघडू नये. दोन सारख्या दिसणाऱ्या दिव्यांच्या अंतरांत केवढा भेद पडतो, हे पाहिले म्हणजे, केवळ स्वतःचे काम नीट केले की उपकरण चांगले ठरते, हा आपला समज उरणार नाही.