धूळ, धूर आणि सौंदर्यप्रसाधने

प्रदूषण म्हटले की मुंबई-दिल्लीची चित्रे डोळ्यांसमोर येतात. माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी हवा निर्मळच असणार, असा आपला समज असतो. तो फारसा खरा नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की अकलूज-माळीनगरच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. तोडणीनंतर पाचट पेटवले की काजळीचे काळे कण अंगणातल्या वाळवणावर येऊन पडतात. त्यात डिझेलचा धूर, वीटभट्ट्या, उन्हाळ्यातील फुफाटा आणि अजूनही अनेक घरांत पेटणारी चूल यांची भर पडते. म्हणूनच ‘प्रदूषणापासून संरक्षण’ असे छापलेल्या क्रीमच्या नळ्या आणि शाम्पूच्या बाटल्या आता आपल्याकडेही खपू लागल्या आहेत. त्यांत नेमके काय असते व त्याचा कितपत उपयोग होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. तरी हा विषय केवळ रसायनशास्त्राचा नाही, असे मला वाटते.

प्रथम शत्रू ओळखू. हवेतील ज्या सूक्ष्म कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात, त्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर धरली, तर हा कण केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक ठरतो. निरोगी त्वचेतून असे कण सहसा आत शिरत नाहीत. परंतु धुराच्या कणांना चिकटून आलेली काही रसायने तेलात विरघळणारी असतात. ती चेहऱ्यावरील नैसर्गिक तेलात मिसळतात व त्वचेत उतरतात. तेथे ऑक्सिडीकरणाची क्रिया वाढते, दाह होतो आणि रंगद्रव्य अधिक तयार होते. हवेतील ओझोन त्वचेवरील ‘स्क्वालिन’ या तेलकट द्रव्याचे व ई जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण करतो. जर्मनीत ७० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ४०० स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काजळी व वाहनांचा धूर अधिक असलेल्या भागातील स्त्रियांच्या चेहऱ्यावर काळसर डाग सुमारे २० टक्के अधिक आढळले. त्या स्त्रिया गौरवर्णीय होत्या; त्यामुळे तोच आकडा आपल्या त्वचेला जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र कळते.

प्रसाधनांतील संरक्षक घटकांचे सोयीसाठी तीन वर्ग पाडता येतील.

पहिला वर्ग, ऑक्सिडीकरण रोखणारे घटक. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व व फेरुलिक आम्ल हे त्यांतील प्रमुख होत. क जीवनसत्त्व मोठे नाजूक असते. उजेड व हवा लागली की ते पिवळे-तपकिरी पडते आणि निरुपयोगी होते. म्हणून ते गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत असावे. काही मैत्रिणी त्याऐवजी लिंबाचा रस थेट चेहऱ्याला चोळतात. त्यावर ऊन लागल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. तेव्हा तो उपाय टाळावा.

दुसरा वर्ग, त्वचेची भिंत मजबूत करणारे घटक. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो आणि ‘सेरामाइड’ हे स्निग्ध द्रव्य त्यातील चुन्याचे काम करते. सेरामाइड, ग्लिसरीन व नायसिनामाइड यांनी ही भिंत सांधली जाते. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचेच एक रूप. ‘एक्टॉइन’ हा घटक तर खाऱ्या सरोवरातील जिवाणूंकडून मिळालेला आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या अशा जिवाणूत तो १९८५ साली आढळला. कोरडेपणात तग धरण्यासाठी तो जिवाणू जे द्रव्य तयार करतो, तेच आज मलमात घालतात.

तिसरा वर्ग, आवरण घालणारे व धुऊन काढणारे घटक. डायमेथिकोनसारखी सिलिकोने त्वचेवर व केसांवर पातळ पडदा धरतात. झिंक ऑक्साइड उन्हाचे किरण अडवते. धुरातील काही रसायने उन्हासोबत अधिक अपाय करतात, म्हणून सनस्क्रीनचे महत्त्व येथे दुहेरी आहे. कोळशाच्या फेसवॉशचा मोठा गाजावाजा होतो. पण काही सेकंदांत धुतल्या जाणाऱ्या फेसातील कोळसा सौम्य साबणापेक्षा फार काही अधिक करील, असे मानण्यास आधार दिसत नाही.

आपल्या परंपरेतही हे तिन्ही विचार होतेच. अभ्यंगाचे तेल, उटणे, शिकेकाई आणि रिठा ही नावे आजीच्या तोंडची. शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारी सॅपोनिन द्रव्ये असतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्यातील लॉरिक आम्लाचे सरळ व लहान रेणू केसाच्या आत शिरतात. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मात्र तेल चोपडून दिवसभर धुळीत फिरल्यास केसांवर धूळ अधिकच बसते. न्हाण्यापूर्वी तेल लावून मग धुणे, ही जुनी रीतच अधिक शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल. जुने ते सर्व सोने, असे मात्र नव्हे. भरड उटणे खसाखसा घासल्याने त्वचेची भिंत खरवडली जाते. अंगाच्या वडीच्या साबणाचा सामू बहुधा ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणून दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणेही हिताचे नाही.

खरेदी करताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. अधिक प्रमाणाचे घटक आधी लिहिलेले असतात, त्यामुळे बहुतेक वेळा पहिले नाव पाण्याचे असते. ज्या घटकाचे नाव समोर ठळक छापले आहे, तो यादीत सुगंधद्रव्याच्याही मागे असेल, तर दाम कशाचे मोजतो आहोत ते उमगते.

आता मूळ मुद्दा. प्रसाधन फार तर त्वचा व केस राखील. फुप्फुसांना लावावयाचे मलम नाही. जो कण गालावर बसतो, तोच श्वासावाटे आत जातो आणि तेथील अपाय कितीतरी गंभीर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचविली. भारताचे २००९ चे मानक ४० आहे. जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहरांत आहे. फडाशेजारच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणाऱ्या ऊसतोड भगिनीच्या वाट्याला आपणा सर्वांहून अधिक धूर येतो. तिच्यासाठी कोणत्याही बाटलीवर काही छापलेले नाही. पाचटाची कुट्टी करून ती सरीतच कुजवली, तर जमिनीला खत मिळते व गावाला धूर कमी. हे प्रसाधन कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तेव्हा दुचाकीवर ओढणी जरूर बांधावी, मात्र ती रोज धुवावी. साध्या ओढणीने धूळ अडते, सूक्ष्म कण फारसे अडत नाहीत. संध्याकाळी सौम्य साबणाने तोंड धुवावे, साधे मलम लावावे, उन्हात सनस्क्रीन वापरावे. एवढ्याने बहुतेक काम भागते. उरलेले काम आरशासमोर नव्हे, तर शेतात, स्वयंपाकघरात आणि ग्रामसभेत करावयाचे आहे. तेथे बोलण्यास आपण विद्यार्थ्यांनी संकोच करू नये.