डॉज : शब्द एक, अर्थ तीन

इंग्रजीत 'डॉज' असा एक शब्द आहे. शब्द लहान आहे, पण त्याचे अर्थ तीन. मराठीत त्या तिन्हींना वेगळे शब्द आहेत.

पहिला अर्थ हुलकावणी. ती खो-खोत लागते. खो-खोत आठ गडी रांगेत बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. त्याला मागे फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधूनही जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र मधून जाता येते. म्हणून तो डावीकडे जातो असे दाखवतो आणि झटकन उजवीकडे निसटतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही आपल्या महाराष्ट्राचे!

दुसरा अर्थ हूल देणे, म्हणजे युक्तीने चकवणे. आपल्या नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात रामशेज किल्ला आहे. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. गडावर माणसे थोडी होती. मोगल सरदार बहादुरखानाने एका बाजूला मोठा गलबला केला आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसे गुपचूप वर चढवली. पण किल्लेदाराला हे आधीच कळले होते. त्याने गलबल्याच्या बाजूला आपलाही गलबला केला आणि दुसऱ्या बाजूला मावळे दबा धरून बसवले. चढणारे वर आले आणि मारले गेले. हुलीला हूल! तो गड पाच वर्षांहून जास्त लढला.

तिसरा अर्थ चुकवणे, टाळणे. काम टाळणारा तो कामचुकार. कर टाळणे ती करचुकवेगिरी. वर्ग झाडायची पाळी आली की पोट दुखते, तोही डॉजच. घरपट्टी, पाणीपट्टी चुकवली की ग्रामपंचायतीला पैसे कमी पडतात. मग नळाची मोटार बिघडली तर दुरुस्त कशी होणार? पाटाचे पाणी पाळीने मिळते. कुणी पाळी मोडून रात्री पाणी वळवले, तर शेवटच्या शेतकऱ्याचे वावर कोरडेच राहते.

आता फरक बघा. खो-खोत समोर दुसरा संघ असतो. रामशेजला समोर शत्रू होता. दोघांनाही माहीत असते की समोरचा चकवणार. पण तिसऱ्या डॉजमध्ये समोर आपलीच माणसे असतात आणि त्यांना काही माहीत नसते. आपण चुकवलेले काम संपत नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

म्हणून मैदानावर हुलकावणी खुशाल द्या. पण आपली पाळी आली की पुढे व्हा.

– इयत्ता ४ थी